पोळ्याच्या दिवशीचा घास

मु. सावरटोला, पो. कुरखेडा, जि. चांदा
ता. ९ ऑगस्ट १९५४

तीर्थस्वरूप बाबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून सुगंधाचा नमस्कार. शकूच्या पाठीत माझ्यातर्फे एक धपाटा घाला, तिनं स्वतः दोन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून.

इकडे सर्व क्षेम आहे. धानाची रोवणी उरकली. पोरं चिखलात गुंतली होती, त्यामुळे यांची शाळा अर्धी रिकामीच होती. आता भरायला लागली आहे. सासूबाईंचा गुडघा पावसात कुरकुरतो, पण त्या ऐकतात थोड्याच!

तुम्ही जेवणाचं विचारलंत. तुम्ही लग्नाआधी शिकवलेली व्रतांची युक्ती छान चालली आहे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी आणि चतुर्थी. या दिवशी वरणाचा प्रश्नच येत नाही. एकदा मात्र फसले असते. सासूबाईंनी मोठ्या प्रेमानं साबुदाण्याची खिचडी केली आणि त्यात मूठभर दाण्याचं कूट! मी म्हटलं, माझा उपास कडक असतो, मी नुसती भगर खाते. तेव्हापासून भगर. उरलेल्या दिवशी आम्ही बायका शेवटी बसतो. मी भात ताकाबरोबर खाते आणि वाटीतलं वरण कुणाचं लक्ष नसताना गाईच्या घमेल्यात ओतते. गाय खूश आहे.

इकडे डाळीशिवाय पान हलत नाही, बाबा. पालेभाजी असली तरी तिच्यात डाळ, कढीला बेसन, रश्शाला दाणे, सणाला वडे. लाखोळीची डाळ तर घरच्याच बांधीतली, धानाच्या शेतातली. पण लहानपणी चिमूटभर बेसनानं माझा घसा कसा आवळला होता आणि तुम्ही मला खांद्यावर टाकून डॉक्टरांकडे कसे धावला होता, ते आठवलं की मी आपली व्रतं सोडत नाही.

सासूबाई गावभर सांगतात, "आमची सून देवमाणूस हाय." शेजारच्या बाया समजतात, मी मूलबाळ व्हावं म्हणून उपास करते. समजू द्या.

काळजी नसावी. बांगड्या जरा सैल झाल्यात, पण ते शेतातल्या कामानं.

कधी कधी तुमच्या हातचं भरीत आठवतं. आई गेल्यावर तुम्ही कोर्टात जायच्या आधी चूल पेटवायचात आणि आम्हा दोघींसाठी रोज काहीतरी निराळं शोधून काढायचात. आमच्यासाठी तुम्हीही वरण सोडलंत. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

तुमची,
सुगंधा

*

सावरटोला
ता. १४ सप्टेंबर १९५४

तीर्थस्वरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की काहीतरी काम निघायचं. खरं म्हणजे मीच काढायचे.

शकूला ब्रह्मपुरीचं स्थळ आलं, वाचून आनंद झाला. मुलगा तहसिलीत आहे, घर मोठं आहे, सगळं चांगलंच आहे. दसऱ्यानंतर पाहुणे येणार म्हणता. त्याआधी शकूला चार दिवस माझ्याकडे पाठवतो, तिला उपासांचं सगळं नीट शिकव, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

पोळ्याला माझी तब्येत जरा बिघडली होती. चुकून पोटात गेलं. आता ठणठणीत आहे.

वर "चुकून" लिहिलं आहे ते खोडत नाही, म्हणजे तुम्हाला दिसेल की माझी लपवायची सवय किती मुरली आहे. चुकून गेलं नाही, बाबा. मला माहीत होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून घरात हरभऱ्याची डाळ शिजत होती. तिच्या वाफेनंच माझं नाक चोंदलं, म्हणून मी बाहेर बैलांच्या शिंगांना बेगड लावत बसले. त्या दिवशी कुठलं व्रत सांगावं, तेवढंच डोक्यात घोळत होतं. बैलांची पूजा झाली, त्यांना पुरणपोळी दिली, आणि सासूबाई तीच ताटली घेऊन माझ्याकडे आल्या. तुपानं थबथबलेली पोळी. शेजारच्या बाया होत्या, यांचे मुखरूकाका होते, हेही होते.

मी सासूबाईंना म्हटलं, "मामी, आज माझा उपास..."

"आज बैलाचा सण हाय," त्या म्हणाल्या. "आज उपास नाई चालत, माय. तू वाळून चालली, मले दिसत नाई का? साऱ्या गावाले सांगतो मी, माही सून देवासाठी उपाशी रायते. आज माह्यासाठी खा. आ कर."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई गेल्यापासून मला कुणी असा घास भरवला नव्हता. त्या क्षणी खरं सांगणं म्हणजे चारचौघांत तुम्हाला खोटं पाडणं. ते मला जमलं नाही. मी आ केला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आधी ओठ, मग जीभ, मग अंगभर गांधी. मी भिंतीला धरून बसले. श्वास आत जाईना. हे नुसतेच माझं नाव घेत होते. कुणीतरी म्हणालं, बाहेरचं झालं, देवर्षीला बोलवा. तेवढ्यात सासूबाई गड्यावर ओरडल्या, "पत्रू, बैल जुंप! कुरखेड्याले ने!"

मुखरूकाका म्हणाले, "वहिनी, आज पोळा हाय. आज जू ठेवत नाई बैलाच्या मानेवर."

"बैलाच्या पाया मी मंग पडन! जुंप मनतो ना!"

बाबा, आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलाला दोरीसुद्धा ओढायला लावत नाहीत. आणि त्या दिवशी झुली, घुंगरं, बेगडासकट बैल खाचराला, आमच्या हलक्या बैलगाडीला, जुंपले आणि चिखलातून पळवले. सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी दंडात सुई दिली. थोड्या वेळानं छातीत वारा शिरला. डॉक्टरांनी विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? मी लहानपणापासूनचं सगळं सांगितलं. सांगताना माझं तोंड भिंतीकडे होतं, कारण सासूबाई दारात उभ्या होत्या.

 नंतर काही दिवस सासूबाई भात आणि ताक समोर ठेवत आणि निघून जात. हे मात्र बोलले. म्हणाले, "मला वाटायचं, तुला मी पसंत नाही म्हणून तू उपाशी राहतेस." हा माणूस वर्षभर असं मनात धरून शाळेत पाढे शिकवत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग एक दिवस मी तांदूळ निवडत असताना सासूबाई समोर येऊन बसल्या.

"काऊन नाई सांगतलं, माय?"

मी म्हटलं, "बाबा म्हणाले होते, कळलं तर लग्न मोडेल."

"मोडलं असतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं नाई बोलत. मीच मोडलं असतं. पण तुह्या बापानं माह्या हातून तुले जहर देववलं ना! तू मेली असती तं मी काय तोंड दाखवलं असतं? लोक मनले असते, सासूनं सून मारली."

एवढं बोलून त्या रडल्या. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "काय काय नाई चालत, सांग. सारं सांग."

मी सांगितलं. शेंगेत जे पिकतं, ते काही नाही. तूर, हरभरा, लाखोळी, वाटाणा, बरबटी, भुईमूग. मेथीसुद्धा नको. त्या ऐकत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मंग तू खातं काय, गिट्टी?" आम्ही दोघी एकदम हसलो.

त्या दिवसापासून त्या माझ्या जेवणाच्या मागे लागल्या आहेत. माझी हंडी वेगळी, पळी वेगळी, पाटा वेगळा. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांना बेसनाऐवजी तांदळाचं पीठ लावून वड्या केल्या, त्या झकास जमल्या. कढीलाही तांदळाचं पीठ लावलं, तिची मात्र खळ झाली, पोथीला पुठ्ठा चिकटवता आला असता. आंबाडीत डाळीऐवजी कण्या. दाण्याच्या जागी जवसाची चटणी. जंगलाकडच्या टोल्यावरची बुधरी बाजाराला येते, तिच्याकडून बांबूचे कोवळे कोंब घेतले. इकडे त्यांना वास्ते म्हणतात. वारुळावर उगवणाऱ्या अळंब्याही तिनंच आणून दिल्या. सात्या म्हणतात त्यांना, चव मटणासारखी. बांधीतल्या मासोळ्या तर आहेतच. सासूबाई मोहाचीही खीर करायला निघाल्या होत्या. ती खाऊन यांना गरगरलं, तेव्हा ती राहिली.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला त्यांनी लाल कोहळं किसून गुळात आटवलं, वेलची घातली आणि त्याचं पुरण भरलं. घरातल्या सगळ्यांना तेच. जाऊबाई कुरकुरल्या, देवीला डाळीचं पुरण पाहिजे म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "देवी काय माह्या सुनेले मारून जेवन का?"

मी त्या दिवशी पंगतीत बसून जेवले. बाबा, अन्न समोर आल्यावर भीती वाटली नाही, असं या घरात पहिल्यांदाच झालं. मला आजवर वाटायचं, मला डाळ मिळत नाही याचं दुःख आहे. ते नव्हतंच. प्रत्येक घासाआधी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागायचं, मी त्यानं वाळत होते.

आता शकूचं.

मी तिला उपास शिकवणार नाही.

तुम्ही का लपवलंत, हे मला कळतं. आई नाही, दोन मुली, दोघींना एकच दुखणं. आम्ही घरी बसून राहिलो तर तुमच्यामागे आम्हाला कोण रांधून घालणार, ही तुमची काळजी होती. तुम्ही आम्हाला जगवलंत. कोर्टातला कारकून बायकांना विचारून विचारून वांग्याचे दहा प्रकार शिकतो, असा बाप मी दुसरा पाहिला नाही. पण बाबा, तुम्ही असताना आमचं जेवण सांभाळलं जायचं ते तुम्हाला माहीत होतं म्हणून. ज्या घरी आम्हाला पाठवता, तिथे कुणाला काही माहीत नको, असं कसं चालेल? मी वाचले ते खाचर होतं आणि कुरखेडा जवळ होतं म्हणून. शकूच्या वेळी काय असेल, कुणी सांगावं.

म्हणून दसऱ्याआधी मीच चांद्याला येते आणि पाहुणे येईपर्यंत राहते. वडशापर्यंत हे सोबत असतील, पुढे आगगाडीनं सासूबाई आणि मी. होय, त्याही येणार. मी नको म्हटलं, त्यांचा गुडघा, प्रवास. त्या म्हणाल्या, "माणसं माणसायसंगं बोलतीन. मले पोराच्या मायसंगं बोलाचं हाय. घास तं तेच भरवन ना."

पाहुण्यांपुढे हे सांगितलं जाईल. ते उठून गेले तर जाऊ देत. शकू रडेल, मी तिच्याजवळ बसेन. तिला कुणी करून घेतलं नाही तर ती माझ्याकडे राहील. यांना विचारलं आहे, सासूबाईंनी न विचारताच हो म्हटलं आहे. पण सगळं ऐकूनही जे थांबतील, त्यांच्या घरी ती जेवू शकेल.

सांगायचा पहिला मान तुमचा आहे. तुम्ही बोललात तर मी शेजारी गप्प बसेन, आणि तुमची मान खाली जाऊ देणार नाही. तुम्हाला शब्द फुटला नाही तर मी बोलेन. तेव्हा माझ्यावर रागवा, पण मला थांबवू नका.

हे पत्र शकूला वाचायला द्या. सगळं द्या, पोळ्याचंसुद्धा.

तुमच्यामुळे जगलेली, आणि म्हणूनच आता तुमचं न ऐकणारी,
तुमची थोरली
सुगंधा