काळे वासे

बेळगाव, ५ नोव्हेंबर २०२३

चि. केशरला, अ. उ. आ.

गुंदला फोन लागत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या सूरजच्याच हाती देते. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं आणि तू चूल मोडायला तयार झालीस, जीव भांड्यात पडला. पण तुझा लेक म्हणतो, छप्पर उतरवून स्लॅब टाकतो! मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या आईच्या स्वयंपाकघराचे बांबूचे वासे, सारवलेली जमीन, काही हलवायचं नाही. काजळी घासून वाशांना तेल लावा, झालं. माझा भाऊ असता तर हेच म्हणाला असता. आणि तुला रामनगरला स्वतःच्या घरी न्यायचं नावही काढायचं नाही, असं सूरजला बजावलंय.

माझी आठवण काढत जा.
तुझी नणंद, सुनयना

गुंद, १८ फेब्रुवारी २०२४

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसंच सूरजनं केलं. वासे सोड्याच्या पाण्यानं धुतले, तर आतून मधासारखा रंग निघाला. शेजारची अनुसया बघून म्हणाली, हितं आता भाकरी भाजायची का फोटो काढायचा? मी म्हटलं, तू भाकरी आण, मी फोटो काढते. खोकला थांबलाय, झोप लागते. सूरजही म्हणाला, आये, आता तुला चल म्हणणार न्हाई. तुमच्यामुळं माझं घर राहिलं, वन्सं.

अशीच माया ठेवा.
तुमची केशर

गुंद, २ ऑक्टोबर २०२४

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

दुधात पिवळी पूड दिसली. वाटलं, पीठ उडालं असेल. पण रोज ओट्यावर तशीच पूड. वाशावर काठी मारली तर पोकळ आवाज आला. भुंग्यानं आतून खाल्लाय. अनुसया म्हणाली, धुरानं राखलं होतं, तुम्ही धूरच घालवला. सुपं-टोपल्या चुलीवर टांगून आपण किडीपासून राखतो, ते मला काय ठाऊक नव्हतं? पण घराचे वासेही बांबूचेच, हे सुचलंच नाही. आता तीन दगड मांडून ओली लाकडं जाळते. खोकला येतो, येऊ दे. सूरजला सांगू नका, तो मला इथं ठेवणार नाही.

रागावू नका.
केशर

बेळगाव, ९ ऑक्टोबर २०२४

चि. केशरला, अ. उ. आ.

आधी ती आग विझव. हट्ट माझा होता, आता मीच सांगते, जाऊ देत ते वासे. सूरजला मी फोन करून सगळं सांगितलं. काय बोलायचं ते मला बोल. पत्रे घालून तुला तिथंच ठेवता येईल का, असं त्याला विचारलं. बघतो म्हणाला.

औषध चुकवू नकोस, माझ्या गळ्याची शपथ.
सुनयना

गुंद, २४ नोव्हेंबर २०२४

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

आग त्याच दिवशी विझवली. सूरजनं एक वासा ओढला तर हातात भुगा आला, वरची कौलं खाली आली. कीड माजघरापर्यंत गेलीय. पत्रे कशावर टेकवायचे, असं विचारून तो उंबऱ्यावर बसून रडला. मग मीच म्हटलं, चल बाबा रामनगरला. सूनबाई रूपालीनं माझी खाट मांडून ठेवलीय, चांगली आहे पोर. खोकला मात्र गेला नाही, आता धूर नसला तरी येतो.

आज स्वयंपाकघर सारवून घेतलं. सूरज म्हणाला, आये, आता कुणासाठी? मी राहिलेला कोपरा सारवला. तुमच्यावर राग नाही, वन्सं.

पुढचं पत्र रामनगरला लिहा. इथं दार उघडायला कुणी नसेल.
तुमची केशर