एकतीस गुरुवार

गुरुवार, १४ नोव्हेंबर
संध्याकाळचे सहा

प्रिय ताई,

टिल्ल्याचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आता वजन नव्वदच्या पुढे गेलंय. मला उठवायला दोन मेकॅनिक लागतील, तेव्हा कागदावरच घे. भाऊजींचा डोळा कसा आहे? थेंब घालताना अजून तोंड फिरवतात का?

इकडे कामाचं बरं चाललंय. त्रेपन्न इमारतींच्या लिफ्ट आता आपल्याकडे आहेत. अजूनही मी दाराला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. पोरं माझ्या मागे हसतात, पण खोलल्यावर तेच निघतं.

पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठीक आहेत. फोनवर मी बोलायला लागलो की तू हसतेस, आणि तू हसलीस की मला सुटल्यासारखं वाटतं. म्हणून कागद घेतला.

शनिवारी तू विचारलंस ना, की १२ सप्टेंबरच्या गुरुवारी मी तुझ्याकडे होतो, भाऊजींच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून तुझी बिस्किटं संपवत होतो, मग बाबांच्या भेटींच्या तक्त्यात त्या तारखेपुढे ‘भेट झाली’ कसं आलं? मी म्हटलं, फॉर्म्युला घसरला, बघतो.

तो घसरला नव्हता. चोख आहे. नीट सांगतो.

आमच्याकडे प्रत्येक इमारतीचा वार ठरलेला असतो. वर्षभराच्या तारखा हाताने कोण लिहिणार? म्हणून कॉम्प्युटरच्या तक्त्यात एक सूत्र आहे. त्याला सात आकड्यांची ओळ द्यायची, सोमवारपासून रविवारपर्यंत. सुट्टीच्या वाराला एक, कामाच्या वाराला शून्य. आदली तारीख दिली की पुढचा कामाचा वार ते स्वतः शोधतं. खाली ओढत गेलं की वर्षभराचे मंगळवार, नाहीतर शुक्रवार, रांगेत उभे राहतात.

दोन वर्षांपूर्वी तू बाबांसाठी मागची खोली रिकामी करून ठेवलीस, रंगसुद्धा दिलास, तेव्हा मीच मोठ्या तोंडाने म्हणालो होतो की मी इथे असताना बाबा दुसरीकडे कशाला जातील. तू म्हणालीस, "टिल्ल्या, दर आठवड्याला जाशील?" मी म्हटलं, दर गुरुवारी, लिहून देतो. आणि तू अट घातलीस, की ओळीने तीन गुरुवार चुकले तर बाबा तुझ्याकडे येणार. त्याच दिवशी मी तक्ता केला. गुरुवारला शून्य, बाकी सगळे एक. तुलाही तुझ्या फोनवर उघडून दिला.

पहिले पाच-सहा महिने मी खरंच जात होतो आणि परत येऊन स्वतःच्या हाताने ‘भेट झाली’ लिहीत होतो. मग एकदा लिहायचं राहिलं आणि तुझा लगेच फोन आला, "रकाना रिकामा का?" मी गेलो होतो ताई, त्या दिवशी खरंच गेलो होतो. तुझ्या विचारण्याचा राग आला. म्हणून त्या रकान्यातही एक सूत्र घातलं. शेजारची तारीख उलटून गेली असेल, तर ‘भेट झाली’ असं आपोआप लिही.

आता तुला कळलं असेल. ते सूत्र मी गेलो की नाही हे बघत नाही. फक्त गुरुवार संपला की नाही एवढंच बघतं.

सुरुवातीला सोय होती. मग एक गुरुवार चुकला आणि तक्ता काही बोलला नाही. मग दोन चुकले. माणसाला वाटतं आज नाही तर उद्या जाऊ, आणि उद्या शुक्रवार असतो. शेवटचा खरा गुरुवार ४ एप्रिलचा. त्यानंतरचे मोजले, गेल्या आठवड्यापर्यंत एकतीस भरले. मधे दोनदा खाली गाडी थांबवून ड्रायव्हरच्या हाती औषधं वर पाठवली. मी गाडीतच बसलो.

आमचा लंबू मेकॅनिक तुला आठवत असेल. याच उन्हाळ्यात मी त्याला काढला. इमारतीत न जाताच तपासणीच्या कार्डावर सही ठोकली होती. म्हणाला, "साहेब, लिफ्ट तर चालूच होती ना." मी सगळ्यांसमोर ऐकवलं, की लिफ्ट चालू असणं वेगळं आणि कोणीतरी येऊन बघणं वेगळं. पोरांनी माना डोलावल्या. मलाही माझं वाक्य फार आवडलं होतं.

आता आजचं. मी आज बाबांच्या घरी आलो तो त्यांना भेटायला नाही. १२ सप्टेंबरबद्दल तू त्यांना विचारशील, म्हणून त्यांना पढवून ठेवायला आलो. लिफ्टमधून बाहेर पडलो तर त्यांचं दार किलकिलं होतं. शेजारीण नंतर म्हणाली, "गुरुवारी ते दार लावतच नाहीत, लिफ्ट थांबली की कळावं म्हणून." आत ते तुझ्याशी फोनवर बोलत होते. मी तसाच उभा राहिलो.

"आला होता गं. आत्ताच गेला. लिफ्टचा आवाज आला ना तुला?"

ताई, ती लिफ्ट मला वर घेऊन आली होती.

त्यांनी फोन ठेवला आणि मला बघितलं. दचकले नाहीत.

"बाबा, खोटं कशाला बोलता?"

"तुझ्या कागदात काय लिहिलंय ते ती मला दर आठवड्याला वाचून दाखवते. आनंदाने वाचते. मी कशाला मोडू?"

"मला ओरडायचं तरी."

"चोपन्न वर्षांचा झालास. आता काय ओरडायचं?"

मी विचारलं, ताईकडे जायचंय का. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "त्या खोलीची खिडकी कुठल्या हाताला आहे? मशीनवर उजेड डावीकडून पडावा लागतो."

म्हणजे त्यांनी शिलाई मशीन कुठे ठेवायचं ते मनात ठरवलंय. कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही. आपला मुलगा तोंडघशी पडेल म्हणून ते दोन वर्षं गप्प बसले, आणि मी समजत होतो की त्यांना इथेच आवडतं.

एप्रिलमध्ये मी कंबर सैल करायला एक पँट दिली होती. तेव्हा म्हणाले होते, पुढच्या गुरुवारी ने. ती अजून दारामागच्या खुंटीवर इस्त्री करून टांगलेली आहे. आज घालून बघितली, तर अजून एक इंच कमी पडते. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या गुरुवारी येतो तेव्हा नेईन.

"नको," म्हणाले, "आजच करून देतो. बस तू."

मी घालून आलेली पँटही मापाला काढून घेतली. तेव्हा मी त्यांची लुंगी गुंडाळून त्यांच्या टेबलावर हे लिहितोय, आणि पाठीमागे मशीन चालू आहे. आवाजावरून सांगतो, तेल देऊन फार दिवस झालेत. या घरातलं एवढंही मला आजवर ऐकू आलं नव्हतं.

तक्त्यातलं ते सूत्र मी काढून टाकलंय. एकतीस तारखांपुढे ‘नाही’ असं हाताने टाइप केलंय, एकेक करून. वेळ लागला. उघडून बघ. तीनची अट होती, तेव्हा तुझं बोलणं मला मान्य आहे. कधी येतेस ते त्यांना कळव, मला नको. त्यांचं सामान आणि मशीन मी स्वतः उतरवीन.

आणि खिडकी कुठल्या हाताला आहे तेवढं लिही. ते वाट बघतायत.

आजच्या तारखेपुढचा रकाना मी रिकामा ठेवलाय. आलो तर आहे, पण कशासाठी आलो होतो ते आता तुला माहीत आहे. तिथे काय लिहायचं ते तू ठरव.

तुझा,
ज्याच्यावर तू विश्वास ठेवलास तो
टिल्ल्या