हद्दीपलीकडची बोट

मोशी, १९८१

प्रिय जयसिंग,

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते ते तोंड फिरवून. बरोबरच आहे तिचं. शेण मी खाल्लंय.

सुट्टीवर आलास तेव्हा जेवताना तू सांगितलंस, चरसवाल्यांच्या बोटीचा पाठलाग करता करता तुमची तटरक्षक दलाची बोट हद्द ओलांडून गेली, तिकडच्या पाण्यात गोळीबार झाला, त्या बोटीतले दोघं मेले. आबा, कुणाला बोलू नका, असंही म्हणालास. मी मान डोलावली होती रे! पण जत्रेत उद्धवरावानं शेवटच्या कुस्तीला चांदीची गदा लावली. का, तर पोरगा कंपनीत सुपरवायझर झाला. भोंग्यावर सारखं त्याचंच नाव. माझं डोकं फिरलं. पुकारणाऱ्याच्या हातचा माईक ओढला आणि ओरडलो, माझ्या जयसिंगनं हद्दीपलीकडं घुसून चरसवाले लोळवले! काय टाळ्या पडल्या! मला फेटा बांधला. मी आपला मिशीला पीळ देत बसलो, गाढव कुठला.

कुस्त्यांची बातमी घ्यायला पुण्याचा पेपरवाला आला होता. त्यानं छापलं. आपलं सरकार सांगत होतं, गोळीबार आपल्याच पाण्यात झाला. तिकडच्यांनी ते कात्रण दिल्लीत पुढं केलं, बोलणी मोडली, राजदूत माघारी बोलावला. त्यांच्या तुरुंगातले आपले कोळी सुटायचे होते, तेही अडकले. आणि तुझ्यावर चौकशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चावडीवर जायला लाज वाटते.

उद्या तुमचे साहेब माझा जबाब घ्यायला येणार आहेत. मी सांगणार, पोरगा काही बोलला नाही, मीच मोठेपणासाठी रचलं. गाव थुंकलं तर थुंकू दे, तुझी नोकरी राहू दे.

पण तिकडचे म्हणतात, मेलेले दोघं बाप-लेक होते, मासे धरणारे, बोटीत जाळ्याशिवाय काही नव्हतं. तेव्हापासून घास उतरत नाही. म्हणून हे पत्र, वाटेत कुणी फोडून वाचू नये म्हणून, टपालात न टाकता शेजारच्या खंडूच्या हाती धाडतोय, उत्तरही त्याच्याचकडं दे. साहेबापुढं मी खोटं बोलेन. तू मात्र मला खरं सांग. चरस होता ना रे बोटीत? का बापापुढं तूही नुसता फेटा बांधून घेतलास?

काही झालं तरी तुझाच,
आबा