साडेआठची पंगत

रवि., ५ ऑक्टो. सांगली

ब्लाऊजची कामं बाजूला ठेवून सकाळभर मोबाईलशी झटापट. ऋतुजानं जहाजाचं बुकिंग पाठवलंय. डिसेंबरात मुंबईहून निघायचं, कोची, श्रीलंका, परत मुंबई. तिच्याच जहाजावर! तिथल्या नोकरदारांच्या घरच्यांना सवलत असते. मी, हे, सासूबाई, साताऱ्याचे थोरले भाऊजी आणि जाऊबाई. आमच्यात आजवर कुणी कोयनेच्या लाँचपलीकडं गेलेलं नाही. लेक जहाजावर नोकरी करते हेच मला अजून मधूनच आठवतं नि हातातली कात्री थांबते.

एकच ठरवायचं राहिलंय, रात्रीचं जेवण. दोन प्रकार. एक ठरलेली वेळ : रोज तेच टेबल, वाढणारं माणूसही रोज तेच. सहाची पंगत नाहीतर साडेआठची. दुसरी मोकळी वेळ : वाटेल तेव्हा जा, जागा मिळेल तिथं बसा.

यात विचारायचं काय, असं मला वाटलं. यांचं जेवण साडेसातला. फौजेतून रिटायर झाले तरी घड्याळ फौजेचंच. भाकरी तव्यावर असली तरी हे पाटावर. असला माणूस ठरलेलीच वेळ घेणार.

पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मोकळी घे."




मंगळ., ७ ऑक्टो.

ऋ.चा फोन. जहाज बंदराला लागलं होतं म्हणून आवाज स्वच्छ.

"मम्मी, पप्पांना मागेच सांगितलं होतं, ठरलेली वेळ घेतलीत तर मी तुम्हाला माझ्या टेबलावर मागून घेईन, मॅनेजर हो म्हणालेत. मोकळी घेतलीत तर वरच्या मजल्यावरची डायनिंग रूम. तिथं मी नसते." मग, "पप्पांना जे बरं वाटेल ते घ्या. मी रुसणार नाही."

आत्ता कळलं मोकळी वेळ का ते.

ऋ. वेटर आहे. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, मुंबईच्या मुलाखतीत निवडली गेली, जहाजावर आधी वेटरची मदतनीस होती, आता स्वतःची टेबलं आहेत आणि हाताखाली फिलिपिन्सचा मदतनीस. मला याचा अभिमान आहे, कुणी विचारलं तर मी नीट सांगते. हे मात्र सगळीकडे "जहाजावर ऑफिसर" सांगतात. मी दुरुस्त करायला गेले की विषय पावसावर.


बुध., २२ ऑक्टो. पाडवा. सातारा

भाऊजींच्या फ्लॅटवर सगळे. शेजारचे निवृत्त मास्तर फराळाला आले. चिवडा खाता खाता, "ऋतुजा काय करते हल्ली?"

यांचं उत्तर तयार. "जहाजावर ऑफिसर आहे."

नेमका तेव्हाच ऋ.चा व्हिडिओ कॉल. फोन सासूबाईंच्या हातात. त्यांना दिसतं कमी पण ऐकू सगळं येतं. त्यांनी विचारलंच, "ऑफिसर म्हंजे नेमकं काय करतीस गं बाळा?"

ऋ. मोठ्यांदा हसली. "ऑफिसर कुठली आज्जी! जेवण वाढते मी. वेटर आहे."

मास्तर चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले. जाऊबाई उगीच आत गेल्या.

सासूबाई : "किती मानसांस्नी?"

"एका पंगतीला चोवीस. रोज दोन पंगती."

"आन् समदी पोटभर जेवून उठत्यात?"

"उठतात की."

"मग मला तुज्याच पंगतीला बसायचं हाय."

भाऊजी मधे पडले. सुट्टीवर जाऊन घंटा झाल्यावर जेवायचं म्हणजे बोर्डिंगच झालं, मोकळी वेळच बरी, वगैरे. त्यांचं म्हणणं खरंच वेळेपुरतं होतं, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. हे मात्र उठले, चप्पल घातली, "दूध आणतो" म्हणून गेले. दूध घरात होतं.


शुक्र., २४ ऑक्टो.

सांगलीला परत. एसटी कराडला थांबली तेव्हा चहा घेता घेता यांनी आपणहून सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा.

भरती झाल्यावर यांना ऑफिसर मेसमधे वाढायची ड्यूटी लागली होती. पांढरे हातमोजे. साहेब लोक जेवणार, हे मागे उभे.

"भिंतीला टेकायचं पण नाही. वर्षभर होतो. एकानं नाव विचारलं नाही. 'ए जवान', बस. बोट नुसतं वर करायचे."

मी बिस्किटाचा पुडा पुढं केला.

"पोरीला कोणतरी असं बोटानं बोलवणार, आणि मी समोर बसून जेवायचं? नाही जमणार मला."

कप खाली ठेवला. चहा तसाच.

म्हटलं, "तिला त्रास आहे असं ती कधी बोलली नाही." तर म्हणाले, "मी तरी घरी कुठं बोललो होतो?"


रवि., २ नोव्हें.

मोकळी वेळ भरून टाकली. भाऊजी खूश. ऋ.चा मेसेज, "ओके मम्मी" आणि एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याकडे मी बराच वेळ बघत होते.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.


रवि., १४ डिसें. जहाजावर

काय लिहू नि काय नको. बंदरात खालून बघितलं तर जहाज नव्हेच, गावच उभं केलेलं. सासूबाई नऊवारीत, हातात पिशवी, पिशवीत ठेच्याची बाटली. तपासणीत बाटली काढून घेतली. "माजा ठेचा काय बाँब हाय व्हय?" शिपाई मराठी निघाला, हसला पण दिली नाही.

ऋ. दुपारी ड्यूटीच्या मधे येऊन भेटली. काळी पँट, जाकीट, केस घट्ट बांधलेले. बारीक झालीय. नाही, बारीक नाही. ताठ झालीय. आजीच्या पाया पडली, यांच्या पडायला लागली तर यांनी दंड धरून उभी केली. मग तिला जावं लागलं.

संध्याकाळचं जेवण फसलं. मोकळी वेळ खरी, पण मोकळी सगळ्यांनाच. ही रांग. हातात एक डबी दिली, ती थरथरली की टेबल मिळणार. डबी काही थरथरेना, आणि सासूबाईंना कापरं भरलं. शुगरची गोळी आधीच घेऊन बसल्या होत्या. मी पर्समधला लाडू भरवला. भाऊजी काउंटरवर भांडायला. हे "बघून येतो" म्हणून गेले ते आम्ही जेवायला बसलो तरी नाहीत. आले तेव्हा नुसते बसले. विचारलं तर "काही नाही". सूप गार करून प्यायले.

सासूबाईंना आता बरं आहे. "आपली पोरगी कुटं हाय?" तीनदा विचारलं.


सोम., १५ डिसें.

सकाळी डेकवर चहा. समुद्र बघत यांनी सांगितलं.

काल ते खाली गेले होते, ऋ.ला गाठून आजीसाठी काहीतरी पटकन मागायला. मोठ्या डायनिंग हॉलच्या काचेच्या दारापाशी पोचले. ती दिसली. हाक मारणार, तर तिच्या टेबलावर एक म्हातारा गोरा साहेब. त्याचे हात थरथरत होते. ही त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होती, एकेक. घाई नाही. बाकीची टेबलं वाट बघतायत पण सगळी गप्प बसलेली.

"मग त्यानं तिला हाक मारली. ऋतुजा म्हणाला. वाकडंतिकडं म्हणाला, पण नावानं."

चहाचा घोट घेऊन, "आणि एका पोराच्या हातचा ट्रे कलंडला. हिनं नुसती मान वळवली. दोघं धावले. आवाज नाही, आरडाओरडा नाही. कमांड आहे गं तिची."

"कमांड" म्हणताना डोळे पुसले. समुद्राचा खारा वारा म्हणाले. बरं.

तिथंच उभे राहिले होते. हाक मारलीच नाही. तिचं काम मोडायला नको म्हणून. तेवढ्यात इकडे आम्हाला टेबल मिळालं होतं.

चहा संपवून स्वतः काउंटरवर गेले. मी पाठोपाठ. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण ठाम. सहाची पंगत भरलेली. साडेआठच्या पंगतीत ऋ.च्या टेबलावर जागा करता येईल म्हणाले.

भाऊजी : "आरं तू साडेसातचा मानूस! आन् आईची गोळी?"

सासूबाई : "मला सहाला काय तरी खायाला द्या. गोळी मंग जेवताना घीन. म्या बसती साडेआठपातूर."

"चालतंय," हे म्हणाले. यांच्या तोंडून साडेआठ!


तोच दिवस, जेवणानंतर

लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

साडेसातपासून यांच्या पोटात कावळे. खोलीत येरझाऱ्या, बिस्किटाला हात लावला नाही. हॉलमधे शिरलो, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, आणि ऋ. आली. ती जवळ येताच हे खुर्चीवरून उठून उभे राहिले.

ती हळूच, "पप्पा, बसा. इथं पाहुणे उभे राहत नाहीत."

बसले.

तिनं आजीच्या मांडीवर नॅपकिन पसरला, आजीनं तो कमरेला खोचला. "तू बी बस की गं." "ड्यूटीवर बसता येत नाही आज्जी." मेनूकार्ड दिलं, यांनी मिटून ठेवलं. "तुला जे चांगलं वाटतं ते आण."

तिनं काय काय आणलं. नावं नाही सांगता येणार. यांनी सगळं खाल्लं, वाटीतलं हिरवं गिळगिळीतसुद्धा. आजीला गरम वरणभात आला, वर लिंबाची फोड. कुठून पैदा केला कोण जाणे. आजी जेवत होती नि ऋ. मागे उभी होती, हात मागे बांधून. हे वळून वळून बघत होते. शेवटी ती वाकून म्हणाली, "पप्पा, मला दमायला होत नाही. खरंच."

इतकी सुंदर वाढते माझी मुलगी. ताट ठेवताना आवाज होत नाही.


गुरु., १८ डिसें.

आज नटून जेवायचा दिवस. यांनी रेजिमेंटचा ब्लेझर, त्यावर मेडल्स. मी स्वतः शिवलेला मोरपंखी ब्लाऊज, पैठणी. जाऊबाईंनी बाह्यांचं माप मागितलं. भाऊजींना आता साडेआठची पंगत इतकी पटलीय की आठलाच तयार. मोकळ्या वेळेचं नाव नाही.

शेजारच्या टेबलावर पुण्याचं जोडपं. त्या बाई मघापासून बघत होत्या. शेवटी यांना विचारलंच, "ही मुलगी तुमच्याशी मराठीत बोलते. ओळखीची आहे का?"

आम्ही सगळे यांच्याकडे.

"माझी मुलगी," हे म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, परेडवर बोलावं तसं, "वेटर आहे इथं. चोवीस माणसांचं बघते. एकाला कमी पडू देत नाही."

जाऊबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. सासूबाई सावकाश चमचा चाटत होत्या, जणू काही झालंच नाही.

जेवण झाल्यावर वेटर लोकांची मिरवणूक. गाणं लावलं, सगळे नॅपकिन फिरवत टेबलांमधून निघाले, लोक टाळ्या वाजवतायत. हे टाळ्या वाजवायला विसरले. नुसते उभे होते, हात अंगाला चिकटवून, हनुवटी वर. ऋ.ची रांग समोरून गेली. तिनं बघितलं. चालायचं सोडलं नाही, पण फिरवायचा नॅपकिन तेवढा खाली आला, डोळ्यांपाशी.


रवि., २८ डिसें. सांगली

आठवडा झाला परत येऊन. शिलाईचा ढीग. ब्लाऊज न्यायला आलेल्या प्रत्येकीला यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. बायका कंटाळल्या तरी सोडलं नाही. "ही बघा, ट्रे कसा धरलाय बघा."

आज ऋ.चा फोन. तिला हेड वेटर करतायत. पण दुसऱ्या जहाजावर, अमेरिकेकडच्या फेऱ्यांवर, आणि हे कंत्राट संपलं की लगेच, मधे घरी न येता. दुसरीकडे पुण्याच्या एका हॉटेलातूनही विचारणा आहे, रेस्टॉरंटची सुपरवायझर. म्हणजे आठवड्याला घरी. बुधवारपर्यंत कळवायचंय.

"पप्पा, तुम्ही सांगा ना."

मागच्या दिवाळीला यांनी पुणं म्हणायला श्वाससुद्धा घेतला नसता. आज म्हणाले, "विचार करू दे."

भाऊजींचा साताऱ्याहून फोन, पुणंच बरं, पोरीचं वय बघा. मागून सासूबाईंचा आवाज, "तिला काय पायजे ते इचारलं का कुनी?"

मला विचाराल तर मला ती पुण्यात हवी. आणि हेड वेटर झालेलीही हवी, अमेरिकेच्या लोकांना जेवू घालताना. दोन्ही एकदम कसं होणार ते मला सांगता येत नाही.

हे संध्याकाळपासून गॅलरीत बसलेत, हातात मोबाईल. विचारलं, "काय लिहिलंत तिला?"

"अजून काही नाही. आत्ता तिची पहिली पंगत चालू असंल. मग दुसरी. मग ती जेवणार." घड्याळ बघितलं. "तिचं जेवण होऊ दे आधी."