आरशामागचा पांढरा केस

घनसावंगी, मंगळवार, संध्याकाळ

आज सासूबाईंनी शेजारच्या मंगलकाकूंसमोर पुन्हा ऐकवलं, "ही आल्यापासून भिंतीला किडे लागलेत. झाडून घ्यायचं म्हणलं की हिच्या जिवावर येतंय."

काकू गेल्यावर भिंतीवरची एक राखाडी, चपटी पिशवी कागदावर काढली. भोपळ्याच्या बीएवढी. कचराच वाटला. मंग एका टोकातून अळीनं डोकं काढलं आणि घर ओढत चालायला लागली. फोनवर शोधलं तर ही पतंगाची अळी निघाली. कोळ्याची जाळी खाते, लोकर खाते, केस खाते.

केस. सासूबाई रोज विंचरलेल्या केसांचा गुंता आरशामागच्या फटीत खोचतात, केसांच्या बदल्यात भांडी देणारी बाई येते म्हणून. आरसा काढला. तिथं अशा दहा-बारा पिशव्या, आणि एकीला लांब पांढरा केस चिकटलेला. तीही त्याच कागदावर घेतली.

सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "आता काय केस फेकून देऊ? मला पातेलं घ्यायचंय."

"फेकू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा," म्हणलं.

माझ्या डोक्यात अजून एकही पांढरा केस न्हाई. उद्या मंगलकाकू आल्या की चहाआधी हाच कागद समोर ठेवणार. केस कुणाचा, ते सासूबाईंनीच सांगावं.