पाचवा पर्याय

माय, तुझ्या सवण्याला लातुरात यज्ञकुंड म्हणायलेत. मी आताच तिथून आलोय, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

आधी मी तिथं कशाला गेलो ते सांगतो. सध्या फ्लेक्स लावायचं काम धरलंय. नांदेडला छापतात, मी टेम्पोत टाकून देगलूर, अहमदपूर, लातूर असा हिंडतो आणि खांबावर चढतो. सगळ्यांवर पोरांचेच फोटो, खाली मार्क. तुझ्या वेळी लातुरात एवढ्या शिकवण्या नव्हत्या, आता गल्लीगल्लीत आहेत. देगलूरच्या स्टँडवर एक चहावाला आहे, तेलुगूत शिव्या देतो आणि मराठीत माफी मागतो... त्याचं राहू दे. तर लातुरातल्या एका मोठ्या क्लासच्या सरांनी खालच्या मजल्यावर संग्रहालय काढलंय, त्याचाच फ्लेक्स लावायला गेलो होतो. भूकंपात पडलेल्या गावांतून आणलेलं सामान. जातं, कंदील, दाराच्या कड्या. मधोमध उंच लोखंडी तिवईवर एक मातीचं मडकं, बूडच नसलेलं. त्याला पाटी, 'ओळखा पाहू'. आणि खाली, परीक्षेत असतात तसे पर्याय. अ, यज्ञकुंड. ब, धान्याचं माप. क, ढोलाचं खोड. ड, यापैकी नाही. बाजूला उत्तरतालिका, बरोबर उत्तर अ.

खोटं कशाला सांगू, मलाही आधी कळलं नाही. मी मनात 'ब' म्हणलो होतो. कळणार कसं? असं उघडं, पायावर उभं केलेलं आपण ते कधी बघितलंच नव्हतं. सवणं वर छतात, माळवदात असायचं, पांढऱ्या मातीत गळ्यापर्यंत रुतलेलं. फ्लेक्सची दोरी तिवईखाली गेली म्हणून मी खाली वाकलो आणि सहज वर बघितलं. आतून काळंकुट्ट, आणि पार वर ट्यूबलाइटचा गोल उजेड. आणि एकदम तुझं स्वयंपाकघर! चुलीचा धूर वर चाललाय, सवण्यातून आलेलं ऊन पिठाच्या परातीत पडलंय, आणि मी शाळा बुडवून छतावर. ह्या घरावरून त्या घरावर, अख्खं गाव मी जमिनीला पाय न लावता हिंडायचो. तू खालून ओरडतेस, "मेल्या, उतर खाली, तंगडं मोडीन!" मी वरून, "न्हाई." जरा वेळानं तूच म्हणतेस, "घाल हात." मी पालथा पडून सवण्यातून हात खाली सोडतो. तू उलट्या डब्यावर चढून, टाचा उचलून, गरम भाकर तळव्यावर ठेवतेस, वर ठेचा. "आता खाऊन तरी उतर, माकडा."

मी सरांना गाठलं. "सर, हे सवणं हाय. माळवदाच्या घराला असतंय, धुराला अन् उजेडाला. यज्ञबिज्ञ काय न्हाई."

"आपण?"

"फ्लेक्सवाला."

"शिक्षण?"

"नववी. निम्मी."

हसले नाहीत. उलट खुर्ची दिली, चहा सांगितला. त्याचाच जास्त राग आला. म्हणाले, "हे बघा, आत काजळी आहे. काजळी म्हणजे अग्नी. तर्कानं यज्ञकुंडच येतं."

"बूड नसलेल्या कुंडात विस्तव कुठं ठेवता सर, मांडीवर?"

पलीकडे पुस्तक घेऊन बसलेली क्लासची एक पोरगी फिसकन हसली. सर म्हणाले, "बरं. पण उत्तरतालिका छापून झालीय. पुढच्या वर्षी पाचवा पर्याय वाढवतो. इ, धूर जाण्याचे भोक."

पर्याय! माय, ज्या छताखाली तू गेलीस त्याचा हा पर्याय. त्या सवण्याभोवतीची माती तुझ्या अंगावर आली, आणि ह्यांना टिक करायला चौकोन पाहिजे. मी तेव्हा हदगावला मामाकडे, तूच शाळेसाठी धाडलेला. लोक अजून म्हणतात, "शाळेनं वाचवलं रे लेकरा तुला." लई संताप येतो. तू वाचवलंस, तेही तुला माहीत नसताना, आणि नाव शाळेचं? मी सोडली ती. तू गेल्यावर तिनं माझ्याकडं हजेरी काय म्हणून मागावी? नव्या गावात आत्याला सिमेंटचं घर मिळालं. छताला भोक नाही, भिंतीला मोठी खिडकी आहे. आत्या म्हणते, उजेड भरपूर येतो. येत असेल. मी तिथं दोन दिवसांच्या वर टिकत नाही.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, टाकू तरी कुठं? सरांनाही दाखवणार नाही. भाकरीचं सांगितलं असतं तर त्यांनी सहावा पर्याय केला असता. तुला मात्र एक सांगतो. सर तो पर्याय टिपायला पेन आणायला आत गेले, तेव्हा मी खुर्चीवर चढलो आणि वरून सवण्यात हात घातला, पार कोपरापर्यंत, तळवा उघडा. ती पोरगी बघत होती. म्हणाली, "दादा, आत काही पडलं का तुमचं?"

"न्हाई," म्हणलं. पण हात लगेच काढला नाही.