पप्पांचा झील बोटीवर आहे

मालवण,
१३ मे, मंगळवार

लाडक्या बाय वेनेसा,

देवाच्या कृपेने मी धडधाकट आहे. मम्मीचे गुडघे कसे आहेत? तुझी परीक्षा झाली का? मोबाईल लागत नाही म्हणून रागावू नकोस, तो मी विकला. आणि वर मालवण वाचून घाबरू नकोस. हे पत्र मम्मीला मात्र वाचून दाखवू नको.

पप्पा वाडीभर सांगत असतील, मुलगा बोटीवर नोकरीला लागला. पण मी बोटीवर गेलोच नाही गो. मडगावला पोचलो तर एजंटाच्या ऑफिसला कुलूप. मम्मीच्या पाटल्या मोडून भरलेले पैसे बुडाले. तिथूनच घरी यायला हवं होतं, कळतं मला. पण क्रॉसाकडे माझ्यासाठी लादाईनची प्रार्थना झालेली, सगळ्या वाडीने माझ्या नावाने उकडलेले चणे खाल्लेले. कुठल्या तोंडाने येऊ? कुडाळहून मालवणची बस पकडली. आपल्या कट्ट्याच्या स्टॉपवर गाडी थांबली तेव्हा मी सीटखाली वाकून चप्पल शोधत बसलो. चप्पल पायातच होती.

इथे रुक्मिणीबाईंच्या लॉजवर उतरलो. पहिल्या आठवड्याचं भाडं दिलं, मग खिसा रिकामा. बाई काउंटरवरून हलत नाहीत. मग मी खोलीतला टीव्हीचा रिमोट कानाला लावून "येस कॅप्टन, येस कॅप्टन" करत जिना उतरायचो. एकदा बटण दाबलं गेलं आणि काउंटरवरचा टीव्ही सिरियलवरून एकदम कुस्तीवर गेला. बाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्या कानाकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी मागच्या गॅलरीतून ये-जा करू लागलो.

काल पळूनच जायचं ठरवलं. बॅग नेली तर कळेल, म्हणून होते तेवढे शर्ट एकावर एक घातले, पँटी पण तशाच. मे महिन्यात! गॅलरीतून पाय टाकला तर गुडघाच वाकेना. खाली बाईंनी आमसुलांसाठी रतांब्याच्या रसाचा टप भरून ठेवलेला. मी थेट त्यात. लालभडक होऊन बाहेर लोळलो. बाईंनी हंबरडा फोडला, रस्त्यावरची माणसं आत धावली. मी डोळे गच्च मिटून घेतले. म्हटलं, मेलेल्याकडे भाडं कोण मागतो?

तुला हसू येत असेल. मलाही येत होतं. आता पुढचं लिहवत नाही.

कोणीतरी खाली बसून माझं तोंड पुसायला लागलं. तो ओळखीचा खोकला ऐकला आणि माझे डोळे आपोआप उघडले. पप्पा होते, बाजाराला आलेले. तोंडाला रक्ताचा थेंब नाही, पांढरेफटक. त्यांनी बोट जिभेला लावलं. कोकम आहे हे कळल्यावर मोठा श्वास सोडला. मग माझ्या त्या सगळ्या शर्टांकडे बघत राहिले.

बाईंनी विचारलं, "तुमी हेका वळाखतास?"

पप्पा उठले. गुडघ्याची माती झाडली.

"नाय," म्हणाले. "माझो झील बोटीर आसा."

आणि पिशवी उचलून चालू पडले. मागे वळून पाहिलं नाही. मी हाकही मारली नाही. पोलिसांनी धरून नेलं असतं तरी इतकं लागलं नसतं गो.

बाईंना काय कळलं कोण जाणे. रागावल्या नाहीत. अंघोळ कर म्हणाल्या, जेवायला वाढलं आणि रतांब्यांच्या राशीपुढे बसवलं. भाडं फिटेपर्यंत फोडायचे. हे पाकीट त्यांनीच दिलं.

पप्पांनी घरी काही सांगितलं नसेल. काल मेणबत्ती लावताना माझ्या बोटीसाठी मागणं मागितलं का गो त्यांनी? तू त्यांच्यावर चिडू नकोस, माझी बाजूही मांडू नकोस. मम्मी आसपास नसताना फक्त एवढंच विचार: "पप्पा, तुमच्या झिलाची बोट धक्क्याक कधी लागतली?"

ते सांगतील त्या दिवशी मी येईन. नाहीच काही बोलले, तर तेही मला कळव.

तुझा, घरापासून एका बसवर राहिलेला भाऊ,
मेल्विन